तेराव्या राशीची बातमी आणि ठरत आलेलं लग्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही पाहता यावं म्हणून आधी थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचा जन्म ५ डिसेंबर १९९६ चा, नाशिकचा. शाळेत असल्यापासून इंग्रजी पेपरातलं भविष्य तुम्ही ‘धनु’खाली वाचत आलात. अठराव्या वाढदिवसाला मैत्रिणींनी दिलेलं धनुष्यबाणाचं पेंडंट अजून तुमच्या गळ्यात आहे. आजोबांनी करून घेतलेल्या पत्रिकेत मात्र रास कन्या, नक्षत्र हस्त. आता कुणीतरी ‘नासाने राशी बदलल्या, तेरावी रास आली’ असा व्हिडिओ पाठवला आणि त्यात तुमच्या तारखेसमोर भुजंगधारी (ऑफियुकस) ही तेरावी रास निघाली. खात्री करायला एक ॲप उघडलं, तर तिथे सूर्य वृश्चिकेत. आणि हे सगळं नेमकं अशा वेळी, की गुणमिलन होऊन लग्न ठरत आलंय आणि मुलाकडच्यांनी विचारलंय, ‘राशी बदलल्या असतील तर पत्रिका पुन्हा दाखवायची का?’ आईला रात्रभर झोप लागली नाही, असं तुम्ही लिहिलंय.

म्हणून गुणमिलनापुरतं उत्तर आधी देते, ते आईला लगेच वाचून दाखवा. तेराव्या राशीच्या बातमीमुळे तुमच्या गुणमिलनात अर्ध्या गुणाचाही फरक पडत नाही. ती सगळी चर्चा सूर्याची आहे आणि गुणमिलन होतं चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून. मुलाकडच्यांना हे एवढंच सांगितलंत तरी चालेल. एक गोष्ट मात्र खरंच तपासून घ्यायला हवी. तिचा नासाशी संबंध नाही. तिच्याकडे पुढे येते.

आता तुमच्या चार राशी. गेली तेहतीस वर्षं मी पत्रिका करते आणि विद्यार्थ्यांना पंचांगाचं गणित शिकवते. पहिल्या तासाला मी एकच गोष्ट घोकून घेते: कुणी अंश सांगितला की आधी विचारायचं, कुठून मोजलास? पुण्याहून नाशिक किती लांब, याला उत्तर आहे. नुसतं ‘नाशिक किती लांब’ याला उत्तर नाही. राशीचंही तसंच आहे, आणि तुमच्या चारही राशी आपापल्या जागी बरोबर आहेत.

कन्या म्हणजे तुमच्या जन्मवेळी चंद्र जिथे होता ती रास. आपल्याकडे नुसतं ‘रास काय?’ विचारलं की चंद्ररासच विचारलेली असते. नावाचं अक्षर, साडेसाती, दशा, गुणमिलन, सगळं तिच्यावरून आणि चंद्राच्या नक्षत्रावरून. उरलेल्या तिन्ही राशी सूर्याच्या. तुमच्या जन्मदिवशी सूर्य वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून, सुमारे २५३ अंशांवर होता. दर ३० अंशांना एक रास धरली तर ती नववी, म्हणजे धनु. ही सायन मोजणी, पाश्चात्त्य ज्योतिषात हीच चालते. आपण त्यातून अयनांश वजा करतो, म्हणजे तो बिंदू ताऱ्यांच्या मानाने जितका सरकलाय तेवढे अंश. १९९६ मध्ये तो जवळजवळ २३ अंश ४९ कला होता (६० कलांचा एक अंश). वजाबाकी करा, सूर्य २२९ अंशांच्या आसपास येतो आणि आठवी रास मिळते, वृश्चिक. ही निरयन मोजणी. भुजंगधारी ही तिसऱ्याच प्रकारची गोष्ट आहे. त्या दिवशी सूर्याच्या मागे आकाशात प्रत्यक्ष कोणता तारकासमूह होता, त्याचं ते उत्तर.

बातमीमागची हकीकतही सांगते, कारण ती दर चारपाच वर्षांनी नव्या कपड्यात परत येते. जानेवारी २०११ मध्ये, बरोबर संक्रांतीच्या आठवड्यात, अमेरिकेत मिनियापोलिसला खगोलशास्त्र शिकवणारे पार्क कंकल यांनी तिथल्या एका वृत्तपत्राशी बोलताना सांगितलं, की पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू फिरत असल्यामुळे जुन्या काळी ठरलेल्या तारखांना सूर्य आज त्या त्या तारकासमूहात नसतो, आणि त्याच्या वाटेवर भुजंगधारीही लागतो. यात नवं काहीच नव्हतं. पण त्यासोबत नव्या तारखांचं कोष्टक छापून आलं, आणि दोनचार दिवसांत इंटरनेटवर लोक हवालदिल झाले. ‘मी वृश्चिकेची नाही तर मग कोण?’ असं लिहिणारे होते. अंगावर राशीचं चिन्ह गोंदवून घेतलेले तर फारच कळवळले. तिकडचे ज्योतिषी टीव्हीवर येऊन समजावत राहिले, की आमच्या राशी ऋतूंना बांधलेल्या आहेत, ताऱ्यांना नाहीत, त्यामुळे आमच्याकडे काहीच बदललेलं नाही. २०१६ मध्ये नासाच्या मुलांसाठीच्या ‘स्पेस प्लेस’ या संकेतस्थळावरच्या माहितीवरून हेच पुन्हा झालं. मासिकांनी मथळे दिले, ‘नासाने तुमची रास बदलली’. नासाला खुलासा करावा लागला, की आम्ही कुठलीही रास बदललेली नाही, आम्ही फक्त गणित मांडलं. २०२० च्या जुलैत तिसरी फेरी झाली. तुमच्याकडे आलेला व्हिडिओ बहुधा याच बातमीचा आणखी एक अवतार असावा.

या लोकांना हसू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या पेंडंटचंच घ्या. वीस वर्षं ‘मी धनु, मी मोकळी, मी फिरस्ती’ असं म्हणत माणूस स्वतःची ओळख जमवत आणतो. एका सकाळी परका कुणीतरी म्हणतो, ते सगळं चुकीच्या खोलीत ठेवलेलं सामान होतं. दुखणारच. २०१६ मध्ये मला कॅलिफोर्नियातून एका मराठी आईचा फोन आला होता. तेरा वर्षांची मुलगी रडत होती, कारण वर्गातल्या मैत्रिणींनी राशींवरून गट पाडले होते आणि आता ती कुठल्याच गटात बसत नव्हती. मी तिला फोनवर आकाशाबद्दल सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते.

सूर्याचा आकाशातला वार्षिक रस्ता म्हणजे क्रांतिवृत्त. या रस्त्याच्या आजूबाजूला ताऱ्यांचे जे आकार माणसांनी कल्पिले ते काही एका मापाचे नाहीत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आकाशाचे ८८ तारकासमूह ठरवून त्यांच्या सीमा आखल्या, त्या १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या सीमांनुसार सूर्य कन्या तारकासमूहात सुमारे ४५ दिवस राहतो आणि वृश्चिकात जेमतेम आठवडाभर. तिथून तो भुजंगधारीत शिरतो आणि साधारण ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर तिथे असतो. भुजंगधारी काही काल सापडलेला नाही. दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने जे ४८ तारकासमूह नोंदवले त्यांतही तो आहे. हातात साप धरलेला माणूस, आणि त्याचे पाय बरोबर विंचवाच्या डोक्यावर. राशीचक्र करणाऱ्या बाबिलोनच्या लोकांना बारा महिन्यांशी जुळणारे बारा समान भाग हवे होते. इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या सुमारास त्यांनी वर्तुळ बारांत कापलं आणि प्रत्येक तुकड्याला जवळच्या आकृतीचं नाव दिलं. तेव्हापासून रास म्हणजे ३० अंशांचं माप, आणि तारकासमूह म्हणजे आकाशातली आकृती. नावं एकच राहिल्यामुळे सगळा घोळ होतो. विंचवाला सात दिवस आणि कन्येला पंचेचाळीस देणारी मोजपट्टी परंपरेतला कुठलाही ज्योतिषी वापरत नाही, पाश्चात्त्यही नाही आणि आपलाही नाही.

अर्थात असे प्रयत्न झाले आहेत. १९७० मध्ये स्टीव्हन श्मिट यांनी चक्क चौदा राशी सुचवल्या होत्या, भुजंगधारी आणि तिमिंगल धरून. १९९५ मध्ये वॉल्टर बर्ग यांनी तेरा राशींची पद्धत मांडली, तिला जपानमध्ये बराच वाचक मिळाला. कुणी ती मनापासून पाळत असेल तर माझं भांडण नाही. फक्त त्यांनी बारा राशींचे स्वामी, दृष्टी, भाव, दशा यांतलं काही उचलू नये, कारण ती सगळी इमारत बाराच्या पायावर उभी आहे. तेराव्या राशीचा स्वामी कोण, ती चर की स्थिर, तिचं तत्त्व कोणतं, हे परंपरेत कुठेच नाही.

आपल्याकडच्या लोकांसाठी यात एक गंमतीची गोष्ट आहे. भुजंगधारीतून जाणारा क्रांतिवृत्ताचा पट्टा निरयन मोजणीत साधारण वृश्चिकेच्या १४ अंशांपासून धनूच्या २ अंशांपर्यंत येतो. म्हणजे अनुराधाचा शेवट, संपूर्ण ज्येष्ठा आणि मूळाची सुरुवात. ज्याला ते नवी रास म्हणतात त्या पट्ट्याला आपल्याकडे मुळातच स्वतंत्र नाव आहे. आपली जुनी मोजणी नक्षत्रांचीच. वेदांग ज्योतिषात नक्षत्रं आहेत, राशी नाहीत. राशी आपल्याकडे ग्रीकांच्या संपर्कातून आल्या. सहाव्या शतकात वराहमिहिर वृश्चिकेला ‘कौर्प्य’ असं दुसरं नाव देतो, ते ग्रीक ‘स्कॉर्पिओस’वरूनच आलंय. तेव्हा ‘बारा हे अनादि सत्य आहे’ असं छाती ठोकून सांगणाऱ्यांशीही मी सहमत नाही. संख्या बदलल्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. अभिजित धरून नक्षत्रं २८ होती. पुढे वर्तुळाचे सत्तावीस समान भाग केले आणि अभिजित मुख्य गणतीतून बाहेर गेलं. आजही काही मुहूर्तांत आणि सर्वतोभद्र चक्रात ते लागतं, पण पत्रिकेत कुणाचं जन्मनक्षत्र म्हणून आपण अभिजित लिहीत नाही. मोजणी सुटसुटीत करायला माणसांनी घेतलेला तो निर्णय होता.

आता सायन आणि निरयन यांच्यातलं अंतर का पडतं, ते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी पुरी व्हायला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) मागे सरकतो, ७२ वर्षांत एक अंश. सायनवाल्यांनी सरकणारा संपात धरून ठेवला, म्हणून त्यांची मेष कायम २१ मार्चच्या आसपास सुरू होते. आपण तारे धरून ठेवले, म्हणून आपली संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात हळूहळू पुढे जाते. आज दोन्ही मोजण्यांत २४ अंशांहून थोडं जास्त अंतर आहे. ३० पैकी २४, म्हणजे पाचांपैकी चार माणसांची सूर्यरास दोन पद्धतींत वेगळी येणारच. तुमची धनु आणि वृश्चिक यांतलं भांडण एवढंच आहे. त्यात तुम्ही अपवाद नाही, बहुसंख्यांत आहात.

हे सरकणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१, म्हणून आपण सर्रास ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं’ असं म्हणतो. गणित केलं तर त्या वर्षी मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी खरोखर संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ ला येते. आणि सूर्य उत्तरेकडे प्रत्यक्ष वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. तिळगूळ देताना आपण ‘उत्तरायण लागलं’ म्हणतो, तेव्हा ते लागून तीन आठवडे होऊन गेलेले असतात. वराहमिहिराला हा फरक माहीत होता. पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होत असे, आता ते कर्केच्या आरंभी होतं, असं तो लिहितो, आणि शंका असेल तर प्रत्यक्ष पाहून पडताळा करा असंही सांगतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ज्योतिषाला अयनचलनाच्या पुराव्याने धक्का बसला नाही. आपण का घाबरावं?

महाराष्ट्रात तर हा वाद दीडशे वर्षं जुना आहे, आणि तो चालवला फार मोठ्या माणसांनी. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढलं. त्यांनी राशीचक्र मोजायचा आरंभबिंदू धरला रेवतीतल्या एका ताऱ्यापाशी. लोकमान्य टिळकांनीही रेवतीचाच पक्ष घेतला, आजचं टिळक पंचांग त्याच मोजणीवर चालतं. वेंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानला. शंकर बाळकृष्ण दीक्षित तर थेट सायन पंचांगाच्या बाजूचे होते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिने चित्रापक्षाचा अयनांश स्वीकारला. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी, म्हणून तो आज ‘लाहिरी’ नावाने ओळखला जातो. त्याच समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली, तिचे महिने मात्र ऋतूंना बांधलेले, म्हणजे सायन. सरकारी पत्रावरचा चैत्र आणि गुढीपाडव्याचा चैत्र वेगळे का, ते यातून कळतं.

रेवती आणि चित्रा या दोन पक्षांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे. चार अंश ऐकायला थोडे वाटतात. २०२३ मध्ये बहुतेक घरांत अधिक श्रावण होता आणि गणपती आले १९ सप्टेंबरला. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तो महिना अधिक नव्हताच, त्यांचे गणपती २० ऑगस्टला येऊन गेले. महिनाभर आधी. शेजारच्यांनी मोदक खाल्ले, आरत्या म्हटल्या आणि पुढच्या महिन्यात आपल्या घरी पुन्हा बसवले. कुणी कुणाला खोटं म्हणालं नाही. तेराव्या राशीवरून चाललेला गोंधळ पाहताना मला दर वेळी हे आठवतं. दोन मोजण्या शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात, फक्त कोणती आपली ते माहीत हवं.

आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नसतात. सुरुवातीला जी तपासायची गोष्ट म्हटलं होतं ती हीच, आणि ती मी फार महागात शिकले आहे.

१९९४ ची गोष्ट. वडिलांच्या हाताखालून निघून स्वतंत्र काम करायला लागून दुसरंच वर्ष. एक स्थळ आलं. मुलगा मूळचा कोकणातला, त्याचं जन्मटिपण आजोबांनी टिळक पंचांगावरून केलेलं: अश्विनी नक्षत्र, मेष रास. मुलीची पत्रिका मी लाहिरी अयनांशाने केलेली: हस्त नक्षत्र, तुमच्यासारखंच. दोन्ही समोर ठेवल्या. गुणमिलनात नक्षत्रांचे तीन नाड्यांत गट असतात, आणि दोघांची नाडी वेगळी असावी लागते. अश्विनी आद्य नाडी, हस्तही आद्य नाडी. एकनाडी, छत्तीसांतले आठ गुण गेले, आणि नाडीला आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. मी ‘जुळत नाही’ असं लिहून दिलं. महिन्याभराने वडिलांनी सहज कागद हातात घेतले आणि विचारलं, ‘मुलाचा अयनांश कोणता?’ मी पाहिलंच नव्हतं. लाहिरीने मांडला तर मुलाचा चंद्र मीनेत २७ अंशांवर, नक्षत्र रेवती, नाडी अंत्य. दोष नाही. उलट दोघांनाही टिळक पंचांगाने मांडलं तर मुलगा अश्विनी, पण मुलगी हस्तातून चित्रात सरकते आणि तिची नाडी मध्य होते. तेव्हाही दोष नाही. कुठल्याही एका पट्टीने मोजलं असतं तर एकनाडी नव्हतीच. ती फक्त माझ्या टेबलावर, दोन पट्ट्या एकत्र केल्यामुळे जन्मली होती. मी मुलीच्या वडिलांना फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. तोवर मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत, फक्त ‘बरं’ म्हणाले. तो ‘बरं’ मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रिकेच्या पहिल्या पानावर, नावाच्याही वर, अयनांश लिहिलेला असतो.

म्हणून तुम्हाला काम सांगते. तुमची पत्रिका आजोबांनी करून घेतलेली आहे. ती कोणत्या पंचांगावरून केली ते बघा. बऱ्याचदा शेवटच्या पानावर किंवा कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मुलाची पत्रिका कशावरून केली तेही विचारा. दोन्ही एकाच अयनांशाच्या असतील तर विषय संपला, गुणमिलन आहे तसं ठेवा. वेगळ्या असतील तर दोन्ही जन्मवेळा घेऊन एकाच अयनांशाने पुन्हा मांडा. कोणत्या, हे घराच्या परंपरेवर ठरवा. मी स्वतः लाहिरी वापरते, पण टिळक पंचांग पाळणाऱ्या घराला मी कधी ‘तुमचं चूक’ म्हटलेलं नाही.

फरक पडेल का? ते तुमचा चंद्र हस्तात नेमका कुठे आहे त्यावर अवलंबून आहे, आणि जन्मवेळ तुम्ही दिलेली नाही. नक्षत्र असतं १३ अंश २० कलांचं. पट्टी चार अंशांनी सरकवली तर साधारण दहांतल्या तिघांचं नक्षत्र बदलतं, सात जणांचं आहे तेच राहतं. राशीच्या बाबतीत बदलणारे याहून बरेच कमी, आठांत एखादा. नक्षत्राच्या मध्यावर असणाऱ्याने काळजी करू नये, पहिल्या किंवा शेवटच्या चरणात (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग) असणाऱ्याने जरूर तपासावं. मोबाइलवरच्या ॲपबद्दल म्हणाल, तर सेटिंगमध्ये अयनांश निवडायची सोय बहुतेकांत असते. लाहिरी आणि कृष्णमूर्ती या अयनांशांत फक्त पाचसहा कलांचा फरक, त्याने नक्षत्र क्वचितच हलतं. रमण अयनांश मात्र जवळजवळ दीड अंशाने वेगळा. दोन ॲपवर तुमचं लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) वेगळं आलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्याचं कारण हेच असू शकतं. किंवा जन्मवेळेतला चार मिनिटांचा फरक, कारण लग्न साधारण तेवढ्या वेळात एक अंश पुढे जातं. दवाखान्यातली नोंद मिळाली तर ती प्रमाण माना, आठवणीतली वेळ मानू नका.

तुमच्या प्रश्नात आणखी एक ओळ होती: ‘हे सगळं बघून वाटतं, ज्योतिषच खोटं आहे का?’ ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अयनचलन किंवा भुजंगधारी यांवरून ज्योतिष खोटं ठरत नाही, आणि खरंही ठरत नाही. तो पट्टीचा प्रश्न आहे. भाकितं खरी ठरतात का, हा वेगळा प्रश्न, आणि तो तपासायची रीतही वेगळी. आपल्याकडेच जयंत नारळीकरांनी २००८ च्या सुमारास ती वापरली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जास्त नाहीत. या धंद्यात राहूनही मी हा आकडा विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला पत्रिकेतून मी जे सांगते ते एका परंपरेचं वाचन आहे. त्यावरून कुणी चांगलं माणूस नाकारू नये आणि वाईट माणूस स्वीकारू नये.

तेव्हा मुलाकडच्यांशी बोलताना तेरावी रास बाजूला ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा: पत्रिका कोणत्या पंचांगावरून केली, आणि जन्मवेळ कुठून घेतली. पेंडंट गळ्यातच राहू द्या. सायन मोजणीने तुमचा सूर्य धनूत होता, आजही आहे, आणि त्या मोजणीत तो तिथेच राहील. जुन्या पत्रिकेचं शेवटचं पान आणि जन्मवेळ इथे लिहिलीत, तर तुमच्या चंद्राचे अंश मी दोन्ही अयनांशांनी काढून देते. मुलाचीही वेळ मिळाली तर त्याचेही. हाताने करते, त्यामुळे एखादा दिवस लागेल.